‘लहान’ धरण म्हणजे कोणासाठी लहान?

धरणाच्या सुरक्षिततेवर पीएचडी करायची म्हटलं की बहुतेक विद्यार्थी कोयना, भातसा, जायकवाडी अशी नावं घेऊन येतात. माहिती मिळते, जुने अहवाल मिळतात, गाईडही खूश. मी मात्र आज तुम्हाला चिपळूण तालुक्यातल्या तिवरे गावी नेणार आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री तिथलं मातीचं धरण फुटलं. खालच्या भेंदवाडीतली घरं वाहून गेली, वीसहून अधिक माणसांचा जीव गेला. धरणाचा साठा साधारण वीस-पंचवीस लाख घनमीटर, म्हणजे कोयनेच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. आपल्या भाषेत हा ‘लघु’ प्रकल्प. हा ‘लघु’ शब्द खरं तर पाण्याच्या साठ्याला लागतो. पण तपासणीत, नियमांत आणि आपल्या प्रबंधांतही तो हळूच धोक्याला चिकटतो. माझा आक्षेप आहे तो याला.

आधी खेकड्यांचं बघू. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांमुळे धरण फुटल्याचं सांगितलं आणि राज्यभर त्यांची थट्टा झाली. थट्टा करणं सोपं होतं. संशोधकाने ते विधान तपासायला हवं. प्राण्यांची बिळं मातीच्या भरावाला घातक असतात, यात खोटं काही नाही. खेकडे, उंदीर, घुशी यांची बिळं शोधणं हे जगभरच्या तपासणी सूचनांमध्ये असतं. कोकणातला शेतकरी दर पावसाळ्यात भातखाचराच्या बांधावरची खेकड्यांची बिळं बुजवतो, त्याला हे सांगायला नको. म्हणूनच ते स्पष्टीकरण अपुरं ठरतं. खेकडे कोकणातल्या प्रत्येक ओढ्यात आहेत, मग हेच धरण का फुटलं? आणि बिळं होती, तर ती कोणी, कधी पाहिली, कुठे नोंदवली? गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्याचं आणि डागडुजी झाल्याचं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे कारण खेकडा मानलं तरी प्रश्न परत तपासणीपाशीच येतो.

आता भराव आतून कसा जातो ते समजून घ्या. मातीच्या धरणातून पाणी पाझरणारच. न पाझरणारं मातीचं धरण नसतं. प्रश्न असतो पाझरासोबत माती येते का, हा. मागच्या बाजूने मातीचे कण निघायला लागले की तिथे पोकळी होते, ती पाण्याच्या दिशेने आत सरकत जाते आणि शेवटी तिचा सलग बोगदा होतो. याला पायपिंग म्हणतात. ते थांबवायला गाभ्यामागे योग्य जाडीच्या वाळूची गाळणी लागते. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे भरावातून जाणाऱ्या विमोचकाच्या बाजूची माती, कारण तिथे रोलर नीट फिरत नाही आणि दाबाई कच्ची राहते.

हे बाहेरून कसं कळतं? पाझराचं पाणी चरात गोळा करून व्ही आकाराच्या खाचेवरून सोडायचं आणि खाचेवरची पाण्याची उंची पट्टीने मोजायची. नव्वद अंशाच्या खाचेवर ५ सेंटिमीटर उंची असेल तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी जातं. १० सेंटिमीटरला जवळजवळ साडेचार लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पट! ‘गेल्या वर्षीपेक्षा थोडंच वाढलंय’ असं नुसत्या डोळ्यांनी म्हणणारा माणूस इथे फसतो. एकटा आकडाही पुरत नाही. तलावाची पातळी, त्या दिवशीचा पाऊस आणि पाणी गढूळ की स्वच्छ, हे शेजारी लिहिलेलं हवं. त्याच पातळीला यंदा पाझर जास्त आला, तर ती बातमी आहे. पातळीशिवाय लिहिलेल्या ‘किरकोळ गळती’ या शेऱ्यातून काहीच हाती लागत नाही.

थोडं आपल्याच लोकांबद्दल. लहान मातीच्या धरणावरचा एमटेकचा किंवा पीएचडीचा ठराविक प्रबंध कसा असतो? छेद घ्यायचा, मातीचे गुणधर्म पुस्तकातून किंवा शेजारच्या प्रकल्पातून उचलायचे, सॉफ्टवेअरमध्ये उताराची स्थिरता काढायची. स्थिर पाझराच्या स्थितीत सुरक्षा गुणांक १.५ लागतो, आपला १.६२ आला, धरण सुरक्षित! पण फॉस्टर, फेल आणि स्पॅनागल यांनी २००० साली जगभरच्या फुटलेल्या मोठ्या मातीच्या धरणांची कारणं एकत्र केली, तेव्हा जवळजवळ निम्मी पाणी माथ्यावरून गेल्याने आणि जवळजवळ निम्मी आतल्या झिजेने फुटलेली निघाली. उतार घसरल्याने फुटलेली शेकड्यात मोजून थोडी. म्हणजे आपण सगळ्यात कमी शक्यतेच्या कारणाचं गणित दोन दशांशांपर्यंत करतो, कारण त्याचं सॉफ्टवेअर लॅबमध्ये असतं. मुलाखतीत हा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर तयार ठेवा.

आता नियम. सांडव्यातून किती मोठा पूर जाऊ द्यायचा, हे आयएस ११२२३ या १९८५ च्या मानकात धरणाच्या आकारावरून ठरतं. साठा अर्धा ते दहा दशलक्ष घनमीटर आणि पाण्याची उंची साडेसात ते बारा मीटर असेल तर धरण लहान, आणि त्याला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर पुरतो. दोन निकषांत फरक पडला तर वरचा वर्ग धरायचा. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकायला निवांत वाटतं. दरवर्षी शक्यता १ टक्का धरून पन्नास वर्षांचा हिशेब करा: असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता साधारण ३९ टक्के निघते. रुपया उडवून काटा-छापा करण्यापेक्षा थोडी बरी, इतकंच. तरी मानकावर अन्याय नको. त्या तक्त्याला जोडूनच म्हटलं आहे की फुटल्यावर होणारी हानी विशेष मोठी असेल तर मोठा पूर धरता येईल, आणि त्यासाठी खालच्या वस्तीचं अंतर बघावं. पण ते ‘धरता येईल’ आहे, ‘धरावा’ नाही. वाचणारा तक्त्यापाशी थांबतो.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात दार आणखी अरुंद आहे. पंधरा मीटरपेक्षा उंच धरण सरळ कायद्याखाली येतं. दहा ते पंधरा मीटरमधल्या धरणाला पाचपैकी एक अट लागते: माथ्याची लांबी ५०० मीटर, साठा दहा लाख घनमीटर, पूर सेकंदाला २,००० घनमीटर, पायाची विशेष अडचण किंवा वेगळ्या धाटणीची रचना. ही यादी पुन्हा वाचा. खाली किती माणसं राहतात, हे एकाही अटीत नाही. धोक्यानुसार वर्गवारी करायची तरतूद कायद्यात आहे, पण ती या दारातून आत आलेल्या धरणांसाठी. नऊ मीटरचा बांध आणि त्याच्या पायथ्याशी वाडी असेल, तर तो बाहेरच.

आणि तपासणीची वेळ. कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, अशा दोन तपासण्या सांगितल्या आहेत. रीत जुनीच आहे. मे महिन्यात कोकणातला लहान तलाव तळाशी गेलेला असतो. भेगा, बिळं, खचलेलं अस्तर तेव्हा छान दिसतं, पण वरच्या पातळीचा पाझर दिसणारच नाही, कारण तिथे पाणीच नसतं. पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असतो, पाझर दिसतो, पण जे धरण टिकलं तेच बघायला मिळतं. मधल्या काही आठवड्यांत पाणी झपाट्याने चढतं, आणि भरावाची परीक्षा तेव्हाच होते. तिवरे फुटलं ते २ जुलैला, रात्री.

त्यामुळे प्रस्तावात अभ्यासकाळ लिहाल तेव्हा ‘नोव्हेंबर ते मे’ असं सोयीचं लिहू नका. एकच धरण घ्या, जून ते ऑगस्ट रोज खाचेची उंची आणि तलावाची पातळी मोजा, आणि धरणापासून पहिल्या घरापर्यंतचं अंतर पायी चालून नोंदवा. गाईड म्हणतील, नमुना फार लहान आहे.