शोकाकुल प्रेक्षकाचा अधिकार : ‘इकिरू’, ‘विहीर’ आणि मार्कंडा

१

रसास्वादाच्या मार्गात येणारी जी सात विघ्ने अभिनवगुप्ताने सांगितली आहेत, त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक आहे. स्वतःच्या सुखदुःखांनी विवश झालेला प्रेक्षक दुसऱ्याच्या भावावस्थेत विश्रांत होऊ शकत नाही, असा त्याचा आशय. प्रयोगातील गीत, वाद्य, मंडपाची शोभा इत्यादींचे प्रयोजनही अभिनवगुप्ताने या विघ्नाच्या निवारणाशी जोडले आहे. ही भूमिका जशीच्या तशी स्वीकारली, तर आपल्यापुढे एक अडचण उभी राहते. गंभीर चित्रपटाविषयी आस्थेने बोलणारी अनेक माणसे सांगतात की, एका कठीण काळात अमुक एका चित्रपटाने आपल्याला सावरले. ही माणसे ‘निज’ दुःख बाहेर ठेवून नव्हे, तर ते बरोबर घेऊनच प्रेक्षागृहात गेलेली असतात. मग त्यांना आलेला अनुभव कलेचा म्हणावयाचा की उपचाराचा? शोकाकुल प्रेक्षक आस्वादाचा अधिकारी ठरतो की नाही? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दोन चित्रपटांच्या आणि एका स्थळाच्या आधारे करावयाचा आहे.

२

स्थळ आहे मार्कंडा. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी हा मंदिरसमूह उभा आहे. १८७३-७४ च्या दौऱ्यात अलेक्झांडर कनिंगहॅमने त्याची नोंद घेतली, आणि पुढे तेथील शिल्पसमृद्धीमुळे त्याला ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणण्याचा प्रघात पडला. पण परिसरातील लोकांच्या लेखी हे स्थळ शिल्पांसाठी मोठे नाही. येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. म्हणून ही त्यांची काशी. महाशिवरात्रीची यात्रा येथे भरते आणि मृतांच्या अस्थीही येथेच नदीला दिल्या जातात. माझ्या वडिलांच्या अस्थी मी येथेच सोडल्या.

या स्थळाची कथा सर्वज्ञात आहे. सोळाच वर्षांचे आयुष्य घेऊन आलेला मार्कंडेय शिवलिंगाला मिठी मारतो, यमाचा पाश लिंगावर पडतो, शिव प्रकटतो आणि मृत्यूला परतावे लागते. सांत्वनाची ही सर्वांत प्राचीन रीत : मृत्यूच रद्द करावयाचा. तिचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु मडके हातात घेऊन पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला ही कथा अपवादाची कथा म्हणून ऐकू येते. एकासाठी मृत्यू परतला. इतरांसाठी परतला नाही. त्या दिवशी कथेने मला दिलासा दिला नाही, उलट एक जाब विचारावयास लावले, हे येथे नमूद केले पाहिजे. पुढल्या काही आठवड्यांत अकिरा कुरोसावाचा ‘इकिरू’ (१९५२) पुन्हा पाहण्यात आला, आणि या लेखातील प्रश्न तेथून सुरू झाला.

३

‘इकिरू’ची कथा थोडक्यात सांगता येते. नगरपालिकेतील एक विभागप्रमुख, वातानाबे, याला जठराचा कर्करोग झाला आहे. आयुष्य कागदांच्या ढिगाऱ्यात गेले हे ध्यानी आल्यावर, उरलेल्या महिन्यांत तो एका दलदलीच्या जागी मुलांसाठी बाग उभी करतो. अशा सारांशातून हाती येतो तो एक सुविचार : मरण्यापूर्वी काही चांगले करावे. चित्रपटाचा दिलासा या सुविचारात आहे, असे सामान्यतः मानले जाते. माझे मत वेगळे आहे. सुविचाराने शोक हलत नाही. शोक हलतो तो रचनेमुळे.

ही रचना अशी. बाग उभारण्याचा निश्चय होताच निवेदक आपल्याला सांगतो की, पाच महिन्यांनी नायक मरण पावला. कथा त्याच्यापासून काढून घेतली जाते. चित्रपटाचा उर्वरित मोठा भाग त्याच्या तसबिरीसमोर बसलेल्या नातेवाइकांच्या आणि सहकाऱ्यांच्या बोलण्यात जातो. प्रत्येकाला त्याचा एक तुकडा दिसलेला आहे. पुष्कळांना तो चुकीचाच दिसलेला आहे. श्रेय वरिष्ठांनी लाटले आहे. मुलालाही वडिलांचा आजार त्यांच्या हयातीत कळलेला नाही. मद्याच्या भरात सहकारी शपथा घेतात आणि दुसऱ्या दिवशी कचेरी पूर्ववत चालू होते. म्हणजे येथे मृत्यू रद्द होत नाही, समाज सुधारत नाही, आणि मृताचे मोठेपणही सर्वमान्य होत नाही. तरीही दिलासा मिळतो. तो कोठून?

याचे उत्तर गाण्याच्या योजनेत सापडते. आयुष्याच्या अल्पत्वाचे एक जुने गाणे वातानाबे दोनदा गातो. पहिल्यांदा रात्रीच्या गजबजलेल्या नाचघरात, डोळ्यांतून पाणी ओघळत असताना. भोवतालची माणसे अवघडून दूर सरकतात. हा केवळ निजदुःखाचा उद्गार आहे, आणि अभिनवगुप्त म्हणतो तसे त्यात दुसऱ्या कोणाला प्रवेश नाही. दुसऱ्यांदा तेच गाणे तो बागेतल्या झोपाळ्यावर, पडत्या बर्फात गातो. शब्द तेच, माणूस तोच, दुःखाचे कारणही तेच. परंतु आता त्या गाण्यात तक्रार उरलेली नाही. महत्त्वाचे असे की, हे दृश्य पाहणारा एकच पोलीस आहे, आणि त्याला तो दारुडा वाटला होता. या दोन गाण्यांतील अंतर चित्रपटातील एकाही पात्राला ठाऊक नाही. ते फक्त प्रेक्षकाला ठाऊक आहे. मृताचा पूर्ण साक्षीदार असा एकच उरतो, आणि तो आपण असतो.

शोकाकुल माणसाची व्यथा केवळ वियोगाची नसते. गेलेल्याला आपण पुरते पाहिले नाही, ही बोचणी तिच्यात मोठी असते. ‘इकिरू’ ही बोचणी पुसत नाही. तिला काम देतो. तिऱ्हाइताचे आयुष्य पुरते पाहण्याची जबाबदारी तो आपल्यावर टाकतो. मुलगा जे पाहू शकला नाही ते पाहताना मी माझ्या वडिलांकडेही पाहत होतो, आणि त्यामुळे माझे वातानाबेकडील लक्ष कमी झाले नाही, अधिक टोकदार झाले.

४

येथे न. चिं. केळकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनात त्यांनी मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना अशी की, आस्वादक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरी अवस्थेत वाङ्मयानंदाचे मूळ आहे. ‘निज’ला येथे हद्दपार केलेले नाही, हा तिचा मोठा विशेष. मात्र तिचा भर आनंदावर, एकाच जन्मात अनेक होता येण्याच्या सुखावर आहे. शोकाकुल प्रेक्षकाला अनेक व्हावयाचे नसते. त्याला एकाच दुःखाला दुसरी जागा हवी असते.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’ (२००९) या मराठी चित्रपटात ही दुसरी जागा कशी दिली जाते ते पाहता येते. समीर आणि नचिकेत ही मावस-मामे नात्यातली, एकमेकांत गुंतलेली मुले. नचिकेत विहिरीत बुडून जातो. मृत्यूशी संवाद करणाऱ्या कठोपनिषदातील बालकाचे नाव या मुलाला आहे. पण येथे मृत्यूशी संवाद त्याला नव्हे, मागे राहिलेल्या समीरला करावा लागतो. दोघांच्या आवडत्या लपंडावाचा नियम समीर पुढे चालू ठेवतो : जो दिसत नाही तो लपला आहे, म्हणून त्याला शोधले पाहिजे. माळरानावरची त्याची भटकंती, मेंढपाळाशी पडणारी गाठ, ही सारी त्या शोधाची रूपे होत. मार्कंडेयाच्या कथेत मृत्यू परत जातो. ‘विहीर’मध्ये शोध पुढे जातो. गेलेला सापडत नाही, परंतु शोधणाऱ्याची दृष्टी बदलते. दिलासा या शब्दाचा मला अभिप्रेत असलेला अर्थ हाच आहे.

५

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. अशा चित्रपटांतून मिळणारे समाधान हे शिकलेल्यांचे, एकट्याचे, खोलीत दार लावून घेतलेले समाधान नव्हे काय? चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात दिवाळीनंतरच्या हंगामात झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात. गावे जमतात, गाण्यांना दाद देतात, आणि पहाटेच्या सुमारास मंडपभर माणसे उघडपणे रडतात. अभिनवगुप्ताचे गीत-वाद्य-मंडप तेथे अक्षरशः हजर आहेत; निजदुःख तात्पुरते विरघळवून सर्वांच्या दुःखात मिसळण्याचे काम ते करतात. या सामूहिक रडण्यापेक्षा कलात्मक चित्रपटापुढचे मौन श्रेष्ठ आहे, असा दावा मी करणार नाही. पण दोहोंचे कार्य भिन्न आहे. मंडप दुःखाला माणसे देतो. ‘इकिरू’ दुःखाला दृष्टी देतो. मंडपातून परतलेला माणूस हलका होतो. या चित्रपटांतून परतलेला माणूस हलका होतोच असे नाही, पण आपण काय वाहत आहोत हे त्याला कळते. एकाची गरज दुसऱ्याने भागत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. निजदुःख हे विघ्न ठरते ते कलाकृतीला आपल्या दुःखाचा केवळ आरसा केल्यावर. तसे करणाऱ्याला वातानाबे दिसत नाही, स्वतःचेच वडील दिसतात. परंतु कलाकृती जेव्हा आपल्या रचनेच्या बळावर ते दुःख साक्षीदाराच्या लक्षात रूपांतरित करते, तेव्हा विघ्न हाच अधिकार होतो. हे रूपांतर प्रेक्षकाच्या सदिच्छेने घडत नाही. ते कटावर, निवेदकाच्या एका वाक्यावर, दोनदा येणाऱ्या गाण्यावर अवलंबून असते. म्हणून दिलाशाची चर्चा ही समीक्षेच्या बाहेरची, खाजगी बाब मानून बाजूला टाकणे योग्य नव्हे. अमुक चित्रपटाने मला सावरले, असे कोणी म्हणाले तर समीक्षकाने विचारावयाचा प्रश्न एकच : त्यातील कोणत्या दृश्याने, आणि ते दृश्य तेथेच का होते?

पुढे मार्कंड्याला पुन्हा जाणे झाले. कथा तीच होती आणि मृत्यू कथेत पुन्हा एकदा परतला. या वेळी मात्र तिला जाब विचारावासा वाटला नाही. मिठी मारलेल्या मुलाच्या पलीकडे, त्याचे आयुष्य सोळाच वर्षांचे आहे हे ठाऊक असूनही त्याला वाढवणाऱ्या आईबापांकडे प्रथमच लक्ष गेले.