गीतरामायणाचे दोन श्राव्य पाठ

ज्ञानेश्वरीतील एका शब्दासाठी आपल्याकडे पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. छापील आणि हस्तलिखित ग्रंथांच्या बाबतीत मराठी अभ्यासक इतके दक्ष असतात. पण नभोवाणीवरून ऐकलेल्या कृतीलाही पाठभेद असू शकतात, हे आपण फारसे मनावर घेतलेले नाही. वस्तुतः सणावाराला दरवर्षी ऐकल्या-पाहिल्या जाणाऱ्या कृतींचे असे भेद जगभर आढळतात. अमेरिकेत १९६५ साली नाताळानिमित्त ‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’ हा चित्रपट दूरचित्रवाणीवर प्रथम दाखवला गेला. त्यात कोकाकोला या प्रायोजकाचा उल्लेख होता, तो पुढच्या प्रसारणांतून काढून टाकला गेला. तिथे वर्षानुवर्षे पाहिला गेलेला पाठ पहिल्या रात्रीचा नव्हे. आपल्याकडे हाच प्रश्न गीतरामायणाबाबत उपस्थित होतो आणि तो अधिक गहन आहे, कारण इथे फरक जाहिरातीच्या एखाद्या ओळीचा नसून सबंध आवाजांचाच आहे.

मूळ प्रसारणाची हकिकत सर्वपरिचित आहे, तरी थोडक्यात नोंदवतो. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकरांनी गीते लिहिली आणि सुधीर फडके यांनी त्यांना चाली दिल्या. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पहिले गीत प्रसारित झाले. दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाची ५२ गीते व्हायची, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि पुढच्या रामनवमीपर्यंत गीतांची संख्या ५६ झाली. पहिल्या गीताचा कागद हरवला आणि माडगूळकरांनी ऐनवेळी ते पुन्हा लिहून दिले, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी धरली तर या कृतीच्या जन्मातच एक हरवलेला पाठ आहे.

हे मूळ प्रसारण अनेक कंठांतून झाले. आरंभीचे आणि अखेरचे गीत फडक्यांचे. कौसल्येसाठी ललिता फडके, वनवासाला निघणाऱ्या सीतेसाठी माणिक वर्मा, कैकेयीवर संतापलेल्या भरतासाठी वसंतराव देशपांडे, अहल्या आणि शबरी या दोघींसाठी मालती पांडे, आणि दुसऱ्यांदा वनात सोडल्या गेलेल्या सीतेच्या विलापासाठी लता मंगेशकर. साठच्या दशकात मात्र एच.एम.व्ही.ने जो ध्वनिमुद्रिकांचा संच काढला, त्यात सगळी गीते फडक्यांनी स्वतः गायिली. पेटी घेऊन ते मंचावरही एकट्याने गीतरामायण सादर करीत. महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला तो हा दुसरा पाठ. मूळ प्रसारण आकाशवाणीने पुढे पुन्हा ऐकवले, तरी लोकांच्या कानांत ठसला तो एकट्याचाच आवाज.

नांदेड-लातूरकडच्या श्रोत्यांच्या बाबतीत ही गोष्ट आणखी ठळक होते. १९५५ साली मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि पुणे मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, तेव्हा गीतरामायणाचे मूळ आवर्तन संपून सहा महिने उलटले होते. परभणीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते १९६८ साली. म्हणजे आपल्या भागाला गीतरामायण भेटले ते मुख्यतः तबकड्यांतून, पुढे कॅसेटमधून आणि रामनवमीच्या मंडपातल्या कर्ण्यांतून. आपल्या दृष्टीने एकल पाठ हाच मूळ पाठ ठरला. इथल्या गावोगावच्या हौशी गायकांनीही त्याचेच अनुकरण केले.

आता प्रश्न असा की या फरकाने अर्थाला काही फरक पडतो का? माझ्या मते पडतो, आणि त्याची मुळे माडगूळकरांच्या रचनेतच आहेत. पहिल्या गीतात कुश-लव रामासमोर रामायण गात आहेत. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या बालकांना गायनाचा उपदेश करतात. या चौकटीच्या आतली बहुसंख्य गीते मात्र प्रथमपुरुषी आहेत. तिथे दशरथ, कौसल्या, भरत, सीता स्वतः बोलतात. चौकट खरी मानली तर सगळी गीते कुश-लवांच्या मुखातली, आणि एकच आवाज योग्य ठरतो. आतले ‘मी’ खरे मानले तर ज्याचा त्याचा आवाज हवा. कवीने दोन्ही शक्यता शिल्लक ठेवल्या. नभोवाणीने एक उचलली, तबकडीने दुसरी.

सीतेच्या अखेरच्या विलापावरून हे नीट कळते. मूळ प्रसारणात स्त्रीच्या आवाजात ते गीत येते, तेव्हा तिच्या आणि आपल्यामध्ये कोणी उभे नसते. प्रश्न तिचा आहे, विचारणारीही तीच आहे आणि उत्तर द्यायला लक्ष्मणाखेरीज कोणी नाही. फडक्यांच्या आवाजात तेच गीत निवेदन होते. सीता काय म्हणाली ते कोणीतरी सांगत असते. पहिल्या ऐकण्यात हे तीव्रता कमी करणारे वाटते. पण चौकट आठवली की त्यातली धग लक्षात येते. सांगणारे तिचेच पुत्र आहेत आणि ऐकणारा तिला वनात धाडणारा राम आहे. पहिल्या पाठात दुःख सीतेचे आहे, दुसऱ्यात रामाला आपल्या कृतीला सामोरे जावे लागते. दोन्ही अर्थ मोठे आहेत, पण ते एक नाहीत.

भरताच्या गीतात मात्र एकल पाठाची बाजू पडते असे मला वाटते. वसंतरावांच्या गळ्यात जो तुटकपणा आणि धार होती, तिने आईला वैरीण म्हणणारा मुलगा समोर उभा राहतो. फडक्यांच्या गायकीत करुणा स्वाभाविक आहे, त्यामुळे राग आला तरी लगेच विरघळतो. उलट रामाने भरताला केलेल्या उपदेशात, जिथे माणसाचे पराधीनपण सांगितले आहे, तीच करुणा गीताला उंचीवर नेते. ते गीत दोन्ही पाठांत फडक्यांचेच आहे, ही गोष्ट बोलकी आहे. अहल्या आणि शबरी यांना मूळ प्रसारणात एकच कंठ मिळाल्यामुळे रामाची वाट पाहणाऱ्या दोन स्त्रियांमधले नाते ऐकू येते. एकल पाठात तो दुवा उरत नाही.

एकल पाठ हा व्यावसायिक सोयीचा भाग आहे, असे म्हणून त्याला बाजूला सारता येणार नाही. एकाच माणसाने सगळ्या पात्रांचे बोल बोलायचे, ही आपल्या कीर्तनाची रीत आहे. मराठवाड्याने पैठणच्या एकनाथांपासून जांबच्या रामदासांपर्यंत रामकथा अशीच ऐकली. एकनाथांचे भावार्थरामायण युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायानंतर गावबांनी पुरे केले, असे परंपरा मानते. तरीही तो ग्रंथ आपण नाथांचा म्हणूनच ऐकतो. अनेक आवाज एकात मिसळलेले ऐकण्याची सवय आपल्या कानांना जुनी आहे. म्हणूनच इथे एकल गीतरामायण इतके सहज रुजले असावे.

पण रुजलेला पाठ एकटाच उरला की दुसऱ्याची आठवणही जाते, आणि नुकसान तिथे होते. या कृतीत कौसल्या, कैकेयी, सीता, अहल्या, शूर्पणखा, शबरी इतक्या स्त्रिया स्वतः बोलतात. एका अर्थी मराठी नभोवाणीने स्त्रीच्या वेदनेला स्त्रीचा आवाज देण्याचा तो मोठा प्रयत्न होता. आपल्या दोन-तीन पिढ्यांनी गीतरामायण मुखोद्गत केले, पण त्यातली सीता सीतेच्या आवाजात ऐकली नाही. १९५७ च्या विजयादशमीला प्रकाशन विभागाने छापलेले पुस्तक अभ्यासाला घेतले जाते. त्यात शब्द आहेत, कंठ नाहीत. अभ्यासकाने पुस्तकासोबत दोन्ही ध्वनिमुद्रणे आधारग्रंथ म्हणून घ्यावीत. आणि आपल्या गावच्या रामनवमीच्या कार्यक्रमात एका वर्षी तरी गीते वाटून द्यावीत. निदान सीतेची गीते गावातल्या मुलींकडे सोपवावीत. मंडपातले श्रोते ती गीते तोंडपाठ असूनही पहिल्यांदा ऐकतील.