पायथनचं 'बरोबर' चिन्ह आणि माझा फुकट गेलेला निष्कर्ष

पायथन वाचायला सोपी, म्हणून आपण सगळे तिच्याकडे वळतो. व्हेरिएबल आधी जाहीर करायची भानगड नाही. नाव लिहा, बरोबरचं चिन्ह द्या, झालं. मला हा सोपेपणा फसवा वाटायला लागलाय.

माझ्या स्क्रिप्टमध्ये थ्रेशोल्ड ०.५ होता. ०.७ करून पुन्हा रन घ्यायचा होता. खाली नवी ओळ लिहिताना स्पेलिंगमध्ये एक 'एच' जास्त पडला आणि पायथनने गुपचूप नवीन व्हेरिएबल तयार केलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. दोन्ही रनचे आकडे तंतोतंत सारखे, आणि मी गाईडना सांगून मोकळी, की थ्रेशोल्डचा काही परिणामच होत नाही! इतके सारखे आकडे बघून तेव्हाच शंका यायला हवी होती.

चूक माझीच. पण इथे एकच चिन्ह दोन कामं करतं: नवीन नाव सुरू करणं आणि जुन्याची किंमत बदलणं. नुसती ओळ वाचून यातलं कोणतं चाललंय ते कळत नाही. (प्लस-इक्वल लिहिलं असतं तर एरर आली असती, कारण त्याला आधीची किंमत वाचावी लागते.) पर्लला लोक किचकट म्हणून नावं ठेवतात. पण १९९४च्या पर्ल ५पासून 'यूज स्ट्रिक्ट' लिहिलं, की 'माय' न लावता वापरलेलं साधं नाव प्रोग्राम सुरूच होऊ देत नाही. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ला 'लेट' आणि 'कॉन्स्ट' आले. 'कॉन्स्ट' दिसलं की हे नाव खाली कुठे दुसऱ्या कशाला जोडलेलं नसणार, एवढं न वाचता समजतं. आतली यादी मात्र बदलू शकते, हं.

पायथन ३.६मध्ये, २०१६ला, व्हेरिएबलपुढे टाइप लिहायची सोय आली. दिसायला डिक्लेरेशनच, पण चालताना पायथन ते तपासत नाही.

वीस ओळींच्या स्क्रिप्टला हे सगळं जड होईल, मान्य. पण थीसिसचा कोड वीस ओळींचा राहत नाही. निदान कोड फंक्शनमध्ये घाला आणि पायफ्लेक्स चालवा. किंमत दिली पण वापरलीच नाही, असं नाव ते दाखवतं. मात्र फक्त फंक्शनच्या आतलं. माझ्या त्या फाइलमध्ये एकही फंक्शन नव्हतं, त्यामुळे ते चालवूनही गप्पच बसलं असतं.