आमिश घरातली कंट्री

कंट्री संगीताच्या इतिहासात तुरुंगाला मोठं स्थान आहे. १९२४ मध्ये व्हर्नन डालहार्ट यांनी ध्वनिमुद्रित केलेलं ‘द प्रिझनर्स साँग’ हे या संगीतातल्या पहिल्या काही प्रचंड खपलेल्या गाण्यांपैकी एक, आणि ते एका कैद्याचं गाणं आहे. जॉनी कॅश यांचं नाव १९६८ सालच्या फॉल्सम तुरुंगातल्या मैफलीपासून वेगळं काढता येत नाही. अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं शेतीशी असलेलं नातं जगाला ठाऊक आहे, तुरुंगाशी असलेलं फारसं कुणाला माहीत नसतं. त्यांच्या ‘आउसबुंड’ या भजनसंग्रहाचा गाभा १५३५ ते १५४० या काळात जर्मनीतल्या पासाऊच्या किल्ल्यात डांबलेल्या ॲनाबाप्टिस्ट, म्हणजे आमिशांच्या मूळ पंथाच्या, कैद्यांनी रचला. बाप्तिस्मा जाणत्या वयात, समजून घ्यावा, या श्रद्धेपायी ते कैदेत होते आणि त्यांच्यातले कित्येक तिथून जिवंत बाहेर आले नाहीत. ती भजनं १५६४ मध्ये छापली गेली. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियानातल्या आमिश उपासनेत ती आजही गायली जातात.

कैद, घर, आई, नांगरलेली जमीन, मरण आणि त्यापलीकडची भेट हे दोन्हीकडचे विषय एकच. म्हणून आमिश माणसाच्या तोंडी कंट्री सहज शोभेल, असं दुरून वाटतं. जवळ जाऊन ऐकलं की मधली दरी दिसते.

आउसबुंडमध्ये फक्त शब्द आहेत, स्वरलिपी नाही. चाली पिढ्यान्‌पिढ्या कानांवरून चालत आल्या. उपासना कुणाच्या तरी घरी किंवा कोठारात भरते. वाद्य नसतं. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर ‘फोरझिंगर’ एकटा उचलतो आणि मग सगळी मंडळी एकाच स्वरात सामील होतात. प्रत्येक उपासनेत दुसरं गायलं जाणारं ‘लोबलीड’ हे भजन चारच कडव्यांचं आहे, पण पुष्कळ ठिकाणी त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आपल्या विलंबित ख्यालाला सरावलेल्या कानालाही ही लय थांबल्यासारखी वाटेल. एकेका अक्षरावर स्वर वळत राहतात, पण त्या वळणांवर कुणा एकाचा हक्क नसतो. दुसऱ्या स्वरातली साथसुद्धा नको, कारण तिच्यामुळे एक गळा बाकीच्यांतून वेगळा ऐकू येतो, आणि वेगळं उठून दिसणं म्हणजे गर्वाची पहिली पायरी.

कंट्रीचा सगळा जीव नेमका या वेगळ्या गळ्यात आहे. १९२७ मध्ये ब्रिस्टल गावात राल्फ पीअर यांनी कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांना ध्वनिमुद्रित केलं, तेव्हापासून एका माणसाचं दुःख त्याच्याच आवाजात, त्याच्या नावानिशी ऐकायचं, हा या संगीताचा करार आहे. पासाऊचा कैदी ‘आम्ही’ म्हणतो, फॉल्समचा कैदी ‘मी’ म्हणतो. आमिश गायकाला कंट्री गाताना हा उंबरठा ओलांडावा लागतो. मग तो कंट्री कुठे गातो, आणि ते कसं होतं?

सगळ्यात आधी घरात. बहुतेक वस्त्यांत वाद्यांवर बंधन असलं तरी माउथ ऑर्गन पुष्कळ ठिकाणी चालवून घेतात. तो खिशात मावतो, त्याला वीज लागत नाही, आणि तोंडात वाद्य असताना एकट्याने मिरवत गाता येत नाही. रविवारी संध्याकाळी तरुण मुलामुलींच्या ‘सिंगिंग’ बैठका भरतात. तिथे चाली जलद होतात आणि जर्मनसोबत इंग्रजी गाणीही येतात. काही गटांत तर सुरांची जोडसाथही चालते. कंट्री गॉस्पेल आमिश तरुणांच्या कानांत आणि गळ्यात रुजायला अशा बैठकांइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

मला सगळ्यात मोलाचा प्रवाह वाटतो तो इंडियानाच्या ॲडम्स काउंटीतला. इथले आमिश पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या आमिशांसारखे अठराव्या शतकात आलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात ते थेट स्वित्झर्लंडकडून आले, घरी स्विस जर्मन बोली बोलतात, उघड्या बग्गीतून फिरतात आणि योडल करतात. छातीच्या सुरातून एकदम वरच्या कोवळ्या सुरात उडी घ्यायची आणि तो मोड लपवायचा नाही, ही कला त्यांनी घरात जपली. भाषाभ्यासक चॅड थॉमसन यांनी १९९६ मध्ये त्यांच्या योडलवर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आता गंमत पाहा. आल्प्सचं योडल एकोणिसाव्या शतकात फिरत्या गायकांबरोबर अमेरिकेच्या रंगमंचावर पोचलं, तिथून ते जिमी रॉजर्स यांच्या ‘ब्लू योडल’मध्ये आलं आणि कंट्रीची खूण बनलं. म्हणजे ॲडम्स काउंटीतला आमिश जेव्हा कंट्रीतलं योडल-गाणं उचलतो, तेव्हा त्याच्याच पूर्वजांच्या डोंगरातून निघालेला सूर दुसऱ्या वाटेने त्याच्याकडे परत येत असतो. स्विस घराणेदार योडल आणि मिसिसिपीचे रेल्वे कामगार असलेल्या रॉजर्स यांचं योडल एकाच बैठकीत ऐकायला मिळण्याची अशी दुसरी जागा मला माहीत नाही. आमिशांच्या कंट्रीचं मूल्यमापन इथून सुरू व्हायला हवं.

दुसरा धागा मेनोनाइट या ॲनाबाप्टिस्ट भावंडांचा. व्हर्जिनियातले मेनोनाइट जोसेफ फंक यांनी १८३२ मध्ये काढलेलं गानपुस्तक पुढे ‘हार्मोनिया साक्रा’ म्हणून गाजलं. त्यांचे नातू ऑल्डिन कीफर यांनी वेगवेगळ्या आकारांच्या स्वरचिन्हांत गॉस्पेलची पुस्तकं दक्षिणेत घरोघरी पोचवली. कार्टर कुटुंबाची गाणी ज्या गॉस्पेल वातावरणात घडली, ते घडवण्यात या पुस्तकांचा वाटा आहे. तेव्हा ॲनाबाप्टिस्ट जगाला कंट्री परकी नाही, तिच्या पायातले काही दगड तिथलेच आहेत. ओहायोच्या होम्स काउंटीतले जॉन श्मिड हे आजचं ठळक उदाहरण. ते स्वतः आमिश नाहीत, पण पेनसिल्व्हेनिया डच या बहुतेक आमिशांच्या घरगुती बोलीत गातात, जॉनी कॅश यांची गाणी गातात आणि तुरुंगांत जाऊन कार्यक्रम करतात. आमिश श्रोत्यांना आपल्या घरगुती भाषेत कंट्री ऐकू आली, हे त्यांचं काम छोटं नव्हे.

रंगमंचावर मात्र चित्र निराशाजनक आहे. इंडियानातल्या शिपशेवाना आणि लँकेस्टरच्या परिसरात पर्यटकांसाठी आमिश विषयांवर संगीतिका होतात. बेव्हर्ली लुईस यांच्या कादंबरीवरची ‘द कन्फेशन’ ही त्यातली गाजलेली. त्यांत गाण्यापेक्षा टोपी आणि बॉनेट जास्त बोलतात. समाज सोडून आलेल्या गायकांवरही हीच सक्ती येते. ‘पूर्वाश्रमीचा आमिश’ ही पाटी गळ्यात घातल्याशिवाय त्यांचं गाणं विकलं जात नाही आणि ती घातली की कुणी गाणं ऐकत नाही. बाप्तिस्म्याआधी निघालेल्याला घरी जाता येतं, बैठकीत वाजवता येतं. बाप्तिस्म्यानंतर निघालेल्याला बहिष्कार सोसावा लागतो. त्याच्या गाण्यातला ‘मी’ किती महागात पडला आहे, हे निर्मात्यांच्या गावीही नसतं. १९८५ च्या ‘विटनेस’ चित्रपटात कोठारातल्या मोटारीच्या रेडिओवर गाणं लागतं, आमिश विधवा नाचते आणि सासरा बहिष्काराची ताकीद देतो. त्या एका प्रसंगात ही किंमत कळते. पुढच्या चाळीस वर्षांच्या दूरदर्शन मालिकांना ते फारसं जमलेलं नाही.

या कंट्रीवर ‘परंपरा मोडली’ असा आक्षेपही घेतला जातो, आणि तो टिकत नाही. आउसबुंडमधल्या अनेक भजनांच्या माथ्यावर कोणत्या चालीवर गायचं ते दिलेलं आहे, आणि त्यांत त्या काळची लौकिक लोकगीतं आहेत. जॉर्ज पुलन जॅक्सन यांनी १९४५ मध्येच दाखवलं होतं, की या संथ, वळणदार चालींच्या तळाशी जुनी लोकगीतं सापडतात. बाजारातली चाल उचलून तिला आपल्या लयीत मुरवायचं, हे आमिशांनी पूर्वीच केलेलं आहे.

उणीव आहे ती रचनेची. बहुतेक आमिश कंट्री अजून दुसऱ्याची गाणी गाते. घरच्या बोलीत आलेलीही पुष्कळदा भाषांतरं असतात. गॉस्पेलची सुरक्षित वाट सोडून दूधधंद्यातलं नुकसान, कारखान्यात कामाला लागलेला शेतकऱ्याचा मुलगा, समाज सोडून गेलेली बहीण, यांवरची गाणी फार थोडी ऐकू येतात. ही माणसं आता चार लाखांच्या घरात आहेत आणि साधारण वीस वर्षांत दुप्पट होतात. त्यांची बोली मुलांच्या तोंडी जिवंत आहे. लोककलांना सहसा ऐकणारे मिळत नाहीत, इथे ते आहेत. ॲडम्स काउंटीच्या एखाद्या स्वयंपाकघरात स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या विषयावर बांधलेलं योडल-गाणं झालं, तर कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिललाही त्याची दखल घ्यावी लागेल.