आधी फूल, मग कुंडी

जिवंत जास्वंद आणि तैलरंग यांचं लग्न जमणं कठीण. रंग वाळायला चार-चार दिवस. जास्वंद सकाळी उमलून संध्याकाळी मान टाकते! म्हणून दिवाणखान्यातल्या चित्रांत कुंडी कशी हुबेहूब, तडा-शेवाळासकट. फूल मात्र कॅलेंडरातलं. चित्रकारबुवांनी आधी कुंडी रंगवली, दुसरं काय? तोवर फूल मिटलं. पानाला एक किडीचं भोक नाही. अहो, आमच्या राजारामपुरीत असं झाड दाखवा, चहा माझ्याकडून.

इथंच सातव्या गल्लीत नट-चित्रकार चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) यांचं कलासंग्रहालय आहे. तिथली पावडर शेडिंगची निसर्गचित्रं बघा. कोरडी पूड बोटांनी घासायची. वाळायची भानगडच नाही. नजर आणि बोट यांच्यात कुणी तिसरा नाही.

तैलरंगवाल्यांनी पूड घ्यावी असं नव्हे. ओल्यावर ओला रंग चढवून पहिल्या तासात नुसतं फूल पकडा: सावली पातळ, उजेड जाड. पाकळी कच्ची राहिली तर राहू दे, पण ती त्या सकाळची असेल. कुंडी काय, गणपतीपर्यंत रंगवत बसा. ती कुठं जात्येय?