सगळ्यांचा फोन, मुलाचा धडा

मी अॅप बनवून पोट भरतो, त्यामुळे बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मला आवडलाच. स्कॅन केला की दीक्षा अॅपवर त्याच धड्याचा व्हिडिओ. २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही सरकारी अभ्यासमाला याच दीक्षाच्या लिंका व्हॉट्सअॅपवरून पाठवत होती. पण फोन मुलाच्या हातात आहे, हे तिनं धरूनच चाललं. आमच्या नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांतला एकुलता स्मार्टफोन सकाळीच बापाबरोबर रानात जातो. संध्याकाळी येतो तेव्हा नेट संपलेलं.

त्यापेक्षा जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर लागलेली पहिली ते आठवीची ‘टिलीमिली’ मला हुशार वाटते. लॉगिन नाही, डेटा नाही. पडद्यावरची मुलं घरातल्याच वस्तू घेऊन करून बघतात. फक्त ती कुणासाठी थांबत नाही. पाचवीच्या वेळेला लाइन गेली की पाचवीचा धडा गेला.

खरं तर दीक्षावरचा धडा डाउनलोड करून ठेवता येतो. गावातल्या मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात पिक्चर भरून मिळायचे, ते आठवा. धडेही तसेच भरून घरोघरी द्यायला काय हरकत होती?