पांडुरंग सांगवीकराचें ‘वगैरे’

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ सालीं पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनें प्रसिद्ध केली. आज साठांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी बारामतीस आमच्या वर्गांत ती निघाली कीं दोन तट पडल्यावांचून राहत नाहींत. इंदापूर तालुक्यांतून एस.टी.नें येणारीं मुलें वसतिगृहाचा भाग वाचतांना पोट धरधरून हंसतात. नीरेच्या कालव्यावर ऊस पिकवून त्यांची फी भरणारे त्यांचे वडील मात्र पुसतात कीं, बापाचा पैसा पुण्यांत उडवून रिकाम्या हातानें गांवीं परतणाऱ्या पोराची हकीगत मास्तरांनीं शिकवावी तरी कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देऊन पांडुरंग सांगवीकरास बंडखोर, अस्तित्ववादी अशीं बिरुदें चिकटवणें सोपें खरें. पण बिरुद लावलें कीं माणसाचें ऐकून घेण्याची जबाबदारी संपते, हाच त्यांतला सोयीचा भाग.

आमच्या मतें पहिला घोटाळा होतो तो बोलणारा कोण हें न पाहिल्यानें. कथेंतला पांडुरंग खानदेशांतल्या सांगवीहून पुण्यास शिकावयास आलेला कोवळा पोर आहे. कथा सांगणारा पांडुरंग पंचविशींतला आहे. सोसलें तें त्या पोरानें, आणि त्याची थट्टा करतो तो हा दुसरा. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे त्याचे दोन लाडके शब्द मुलें एकमेकांत विनोदानें वापरतात. आम्हांस ते विनोदाचे वाटत नाहींत. जी गोष्ट आपण मनापासून मानतों हें कोणास कळूं नये, तिला हा मनुष्य ‘वगैरे’ जोडून टाकतो. ‘उदाहरणार्थ’ म्हटलें कीं स्वतःचें दुःखहि जणूं परक्याचा एखादा दाखला होऊन बसतें. कोसला म्हणजे किड्यानें स्वतःच्याच लाळेनें विणलेला कोष. येथें ती लाळ म्हणजे ही बोली.

धाकटी बहीण मनी देवीनें जाते, तेथें हें ध्यानीं येतें. १९७५ नंतर या देशांत देवीची सांथ राहिली नाहीं, त्यामुळें आजच्या मुलांना हा शब्दच प्रथम समजावून द्यावा लागतो. टोचून टळण्याजोगा तो रोग होता हेंहि सांगावें लागतें. मग वर्ग गप्प होतो. हीं पानें वाचून जो पुन्हा आरंभाकडे वळेल, त्याला मघांचें हंसूं तसेंच येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

अमेरिकन लेखक सॅलिंजर यांच्या १९५१ च्या ‘द कॅचर इन द राय’शीं ‘कोसला’ची तुलना नेहमीं होते. तेथील होल्डन हाहि साऱ्या जगाला ढोंगी म्हणत फिरतो, आणि त्याचाहि धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगानें गेलेला असतो. परंतु भाऊ गेला त्या रात्रीं होल्डन गॅरेजच्या कांचा मुठीनें फोडतो व हात मोडून घेतो. पांडुरंगाजवळ फोडावयास शब्दच आहेत. शिवाय होल्डनचे आईबाप कथेंत जवळजवळ दिसतच नाहींत. पांडुरंगाच्या मनांतून वडील क्षणभर हलत नाहींत.

म्हणून त्याला निर्दोष ठरवावें असें मात्र नव्हे. वडील आपणांस दिसतात ते मुलाच्याच डोळ्यांनीं, आणि हा मुलगा पुष्कळदां अन्यायी आहे. ऊसवाल्या बापांची तक्रार तेवढ्यापुरती खरीच.

पुष्कळ वर्षांपूर्वीं इंदापूरकडील एका विद्यार्थ्यानें ‘कोसला’वरील उत्तर तिच्याच बोलींत, चेष्टेच्या सुरांत लिहिलें. उनाडपणा म्हणून आम्हीं गुण कापले. तो वर्गास येईनासा झाला तेव्हां त्याच्या वडिलांना बोलावून उपदेशहि केला. ते मान खालीं घालून ऐकत होते. त्या वर्षीं त्यांच्या घरीं काय घडून गेलें होतें, तें आम्हांस मागाहून कळलें. येथें तें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. ती उत्तरपत्रिका आम्हीं नंतर काढून पाहिली. ‘वगैरे’ हा शब्द तींत नऊ वेळां आला होता, आणि नऊहि ठिकाणीं खालीं आमची तांबडी रेघ होती.